हत्तीचा डबा, मोराचा डबा

त्या दिवशी सकाळी आठ वाजताच ऊन असं तापलं होतं की रस्त्याच्या डांबरात माझी एक चप्पल रुतून राहिली, आणि मी दोन पावलं अनवाणी पुढं जाऊन परत आलो. वारा नव्हता. लिंबाचं पान हलत नव्हतं. दवाखान्याच्या ऑफिसबाहेर लोखंडी बाक होतं, त्यावर टेकलो आणि ताडकन उठलो. मग भिंतीच्या सावलीला उभा राहिलो. सावली सरकेल तसा मीही सरकत होतो.

आत माझ्या नोकरीचा निकाल लागायचा होता.

मी आमच्या धर्मादाय दवाखान्यात आठ वर्षं वॉर्डबॉय होतो, पण टेंपरवारी. दर सहा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्यानं कामावर घ्यायचे. त्या एका दिवशी पेशंट मला शोधत घरी यायचे! ट्रस्टचे सेक्रेटरी साहेब म्हणायचे, "सिद्राम, माणूस चांगला आहेस. पण ज्याला सही येत नाही त्याला कायम कसा करू?"

उभ्या उभ्या आठ वर्षांच्या गोष्टी आठवत गेल्या. आमच्या गल्लीत तेव्हा घरोघर हातमाग. माग चालला की कापसाचे तंतू उडतात. कुणी ते गोळा करत नाही, तरी संध्याकाळी कोपऱ्यात ढीग दिसतो. दवाखान्यातल्या गोष्टींचं तसंच आहे. आपण फक्त झाडू मारायचा.

*

दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा आमच्याकडं पेंडसे डॉक्टर आले. वयानं तरणे, बोलायला मऊ, नियमाला कडक. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "पेशंटला आधी सगळं समजावून सांगायचं. त्याला पटलं तर अंगठा घ्यायचा. त्याच्या संमतीशिवाय सुई टोचायची नाही."

आजवर आम्ही आधी टोचायचो आणि मग विचारायचो, "दुखलं का?"

करकंबची एक म्हातारी आली. पोटाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून तिला अर्धा तास समजावलं. म्हातारी शांतपणे ऐकत होती. मी शाईचा पॅड पुढं केला.

म्हातारी म्हणाली, "मी देते की अंगठा. पण ह्यो बाबा कुटं देतोय?"

"आजी, अंगठा पेशंटचा असतो. डॉक्टरचा नसतो."

"का बरं? प्वाट माझं, चाकू ह्याचा. सोयरीक काय एका अंगानं हुती व्हय? त्यानंबी द्यावा!"

मेट्रनबाई हसू दाबत बाहेर गेल्या.  डॉक्टरांनी आपला अंगठा पॅडवर टेकवला आणि म्हातारीच्या ठशाशेजारी उठवला.

ही बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या वॉर्डात. दुसऱ्या दिवसापासून जो तो म्हणे, आधी डॉक्टरचा अंगठा! वर्षभरात आमच्या डॉक्टरांचा अंगठा असा निळा झाला की त्यांच्या लग्नाच्या बोलणीला आलेल्या पाहुण्यांनी हळूच विचारलं, "मुलगा शिकलेला आहे ना नक्की?"

*

मग डॉक्टरांच्या मनात आलं की पेशंटच्या तक्रारी कळायला हव्यात. सुतारानं छान लाकडी पेटी केली. वर चीर, पुढं कुलूप. रंग द्यायचा होता, तर कपाटाचा उरलेला शेंदरी रंग होता, तो दिला. आणि लावायला जागा कुठली? तर दारातल्या सिद्धेश्वराच्या फोटोच्या बरोबर खाली, कारण तिथं खिळा आधीच होता.

महिन्यानं डॉक्टरांनी सगळ्यांसमक्ष पेटी उघडली. "कडू असलं तरी ऐकून घ्यायचं," म्हणाले.

आत निघालं काय? बेलाची पानं. कुंकवाच्या पुड्या. लाल दोऱ्यात बांधलेली सुपारी. एका बाळाचं जावळ. एक पडलेला दात. चिठ्ठी एकच होती. डॉक्टरांनी मोठ्यानं वाचली, "देवा, डॉक्टरला सुबुद्धी दे."

"ही तक्रार धरायची का?" मेट्रनबाईंनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "धरा. आणि पेटी तिथंच राहू दे. माझी सोय बघतंय कुणीतरी."

*

त्यानंतर त्यांनी पेशंटला किती वेळ थांबावं लागतं त्याचा अभ्यास काढला. हातात घड्याळ, वही, आणि दारात कंपाउंडर हुसेनभाई नंबर पुकारायला.

आता आमच्या लोकांची पद्धत अशी. पहाटे यायचं, रांगेत आपली चप्पल ठेवायची, आणि समोर चहाला नाहीतर लिंबाखाली गप्पा मारायला जायचं. नंबर जवळ आला की पायात चप्पल घालूनच आत. चप्पल हलवायची नाही, ओलांडायची नाही. रांग मोडली म्हणून कधी भांडण नाही.

डॉक्टर आतून म्हणाले, "नऊ नंबर!"

कुणी आलं नाही. हुसेनभाईनं डोकावून बघितलं आणि म्हणाला, "साब, नौ नंबर हाजिर है. मगर बोलता नै!"

"काय होतंय त्याला?"

"एडी घिस गयी साब!"

डॉक्टर बाहेर आले. व्हरांड्यात सव्वीस चपला एका रेषेत बसलेल्या. माणूस एक नाही. त्यांनी घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं. पुढं मेट्रनबाईंनी मला ते वाचून दाखवलं, "चपलांचा थांबण्याचा वेळ तीन तास. माणसांचा दहा मिनिटं. सुधारणेची गरज नाही."

*

पण ज्या गोष्टीनं माझी नोकरी जवळजवळ गेली, ती वेगळीच.

डॉक्टरांचा आणखी एक नियम होता. पेशंटचा आजार बाहेर कुणाला सांगायचा नाही. सख्ख्या भावालाही नाही. मला तो नियम फार आवडला. मोठ्या माणसांची गुपितं आपल्यापाशी, आणि आपण मुकाट! मी मनाशी पक्कं धरलं.

एकदा सेक्रेटरी साहेब स्वतःच स्पेशल खोलीत दाखल झाले. गुपचूप. घरी सांगितलं होतं की ट्रस्टच्या कामाला पुण्याला जातो. दुपारी त्यांच्या बाई हातात डबा घेऊन दारात! कुणीतरी चुगली केली असणार.

"आमचे साहेब इथं आहेत का?"

मी हात जोडून म्हणालो, "बाई, ते सांगता येत न्हाय."

"अरे, मी त्यांची बायको आहे!"

"असाल की. पण नियम हाय. साहेब हितं हायत का न्हाईत, त्येबी सांगता येत न्हाय. कुठल्या खोलीत हायत, त्येबी न्हाय. आन् मूळव्याधीचं तर बाई, अजिबात सांगता येत न्हाय!"

 बाई म्हणाल्या, "बरं झालं तू काही बोलला नाहीस. मी भाजी तिखट आणली होती, घेऊन जाते परत."

साहेबांनी पुढं आठ दिवस मला बघितलं की तोंड फिरवलं. मेट्रनबाई म्हणाल्या, "सिद्राम, तुझं कायम व्हायचं आता देवाच्या हाती. तू शेंदरी पेटीत बेल टाक."

टाकला. खोटं कशाला सांगू?

*

मेट्रनबाईंना माझी दया आली असावी. त्या रोज दुपारी वॉर्ड निजला की मला ड्रेसिंगच्या टेबलापाशी बसवून अक्षरं शिकवू लागल्या. "सही तर आली पाहिजे," म्हणाल्या. वय झालेल्या माणसाच्या बोटात पेन्सिल म्हणजे बैलाच्या पायात घुंगरू. वाजतं, पण नाच होत नाही.

आणि नेमकं त्याच सुमाराला पेंडसे डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून घेतलं.

"सिद्राम, एक मोठं काम आहे. दवाखान्यात तुझ्याशिवाय कुणी करू शकणार नाही."

"मी? का बरं साहेब?"

"कारण तुला वाचता येत नाही."

जन्मात पहिल्यांदा कुणी हे कौतुकानं म्हणालं!

काम असं होतं. हातमागावर पाय मारून मारून विणकरांचे गुडघे जातात. त्यावर एक नवी गोळी आली होती. ती खरंच लागू पडते का ते बघायचं. बावीस माणसं निवडली. अकरांना खरी गोळी द्यायची, अकरांना तशीच दिसणारी साखरेची. कुणाला कुठली, ते घेणाऱ्यालाही कळू नये आणि देणाऱ्यालाही नाही. डॉक्टरांनी सगळ्यांना लिंबाखाली बसवून हे सरळ सांगितलं. "तुमच्यातल्या निम्म्यांना नुसती साखर मिळेल. चालेल का?" लोक म्हणाले चालेल, आणि डॉक्टरांच्या निळ्या अंगठ्यासकट बावीस कागद झाले.

दोन डबे माझ्या कपाटात. एकावर हत्तीचं चित्र, एकावर मोराचं. ज्याच्या कार्डावर हत्ती त्याला हत्तीच्या डब्यातली. गोळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून आमची गल्ली सगळी हत्तीची, आणि पलीकडच्या पेठेतले सगळे मोराचे. डबे भरताना आपल्या हातून चूक होऊ नये म्हणून डॉक्टरांनी झाकणाच्या आतल्या बाजूला काहीतरी लिहिलं होतं. ते मला दिसायचं, पण मला त्याचं काय? माझ्या लेखी मुंग्यांची रांग.

दर सोमवारी मी एकेकाला विचारायचो, गुडघा कसा हाय? लिहिता येत नव्हतं, म्हणून दोन्ही चित्रांची तीन-तीन गाडगी मांडली. बरं, तसंच, वाईट. ज्यानं जे सांगितलं, त्या गाडग्यात एक दाणा टाकायचा. पहिल्या सोमवारी मी शेंगदाणे टाकले. दुपारी हुसेनभाई आला, बसला, बोलता बोलता हात गाडग्यात गेला.

डॉक्टर ओरडले, "हुसेनभाई! तुम्ही माझी तीन बरी झालेली माणसं खाल्लीत!"

तेव्हापासून चिंचोके.

*

आमच्या भिंतीला भिंत लागून नरसय्या राहायचा. तेलुगू घरातला विणकर, माझ्याच वयाचा, गुडघ्यांनी पार खचलेला. त्याच्या कार्डावर हत्ती. संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसायचो. डॉक्टर मला म्हणाले होते, "हे काम नीट पार पडलं की तुझ्या नोकरीचं मी स्वतः मीटिंगमध्ये मांडतो." ते मी नरसय्याला सांगितलं.

"म्हंजे ह्यो गोळ्यांचा खेळ चांगला झाला की तू कायम?"

"तसंच म्हण की."

त्यानं दाढी खाजवली. दुसऱ्याच आठवड्यापासून त्याला गुण दिसू लागला. "सिद्रामण्णा, काय गोळी हाय रे! हे बघ!" असं म्हणून तो ओट्यावरून खाली बसायचा आणि उठून दाखवायचा. उठताना तोंड जरा वाकडं व्हायचं, पण मी म्हटलं, जुनी सवय. गल्लीतले बाकीचेही तसेच. दर सोमवारी हत्तीच्या 'बरं' गाडग्यात चिंचोके टपाटप.

*

आता ऐका. एका दुपारी मेट्रनबाईंनी मला 'ख' शिकवला. 'ट' आदल्या दिवशी झाला होता, काना-मात्रा आधीच झाल्या होत्या. मी खुशीत कपाट उघडलं, हत्तीच्या डब्याचं झाकण काढलं, आणि मुंग्यांची रांग एकाएकी थांबली. तिनं माझ्याकडं बघितलं.

खो. टं.

आयुष्यात स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेला पहिला शब्द! आणि तो 'खोटं'!

मी झाकण लावलं. परत उघडलं. अजून 'खोटं'च होतं.

चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही. रोज संध्याकाळी नरसय्या ओट्यावर उठबशा काढून दाखवायचा आणि मी भिंतीकडं बघायचो. नरसय्याला सांगावं तर डॉक्टरांचं काम बुडतं. डॉक्टरांना सांगावं तर मी कामाचा राहत नाही, नोकरी बुडते. गप्प राहावं तर कुणाचंच काही बुडत नाही, फक्त माझी झोप बुडते. आणि सही शिकायचं थांबवावं तर कायम कसा होणार? वाचता आलं तर हे जातं, नाही आलं तर ते जातं!

पाचव्या दिवशी मी हत्तीचा डबा घेऊन डॉक्टरांपुढं जाऊन उभा राहिलो. चोरी कबूल करायला जावं तसा.

"साहेब, चूक झाली. मला वाचता यायला लागलंय."

डॉक्टरांनी डोक्याला हात लावला. मग झाकणाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "कुणाला बोललास?"

"न्हाय साहेब."

"मला कळलंच नसतं, सिद्राम."

"मला कळलं हुतं की."

 डॉक्टर म्हणाले, "त्या दिवसापासूनचे चिंचोके काढून टाकू. आता दुसरा न वाचणारा शोधायला हवा."

तो शोधायला आठवडा गेला. कारण वाचता येतं का असं विचारलं की जो तो छाती काढून म्हणे, "मला वाचता येतं!" झाडूवाला म्हणाला येतं, धोबी म्हणाला येतं. धोब्यानं तर वर्तमानपत्र उलटं धरून दाखवलं. शेवटी स्वयंपाकाची गंगव्वा म्हणाली, "मला कन्नडबी येत न्हाय, मराठीबी येत न्हाय, आन् मला फुरसतबी न्हाय." डॉक्टर म्हणाले, हीच पाहिजे!

*

तर त्या उन्हाच्या दिवशी मी भिंतीच्या सावलीला उभा होतो. सावली पायाएवढी उरली तेव्हा हाक आली.

आत सेक्रेटरी साहेब, पेंडसे डॉक्टर, मेट्रनबाई. टेबलावर कागद.

"सही कर," साहेब म्हणाले.

मी पेन धरला. सि झाला. द्रा ला जरा वळण चुकलं. म होईपर्यंत साहेबांच्या चहावर साय धरली. पण झाली!

डॉक्टरांनी झाकणाची गोष्ट सगळी सांगितली. "असा माणूस मला दुसरा मिळणार नाही," म्हणाले.

साहेब चष्म्यावरून माझ्याकडं बघत राहिले. "हा खोटं बोलत नाही, हे आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

मी कायम झालो!

त्याच दुपारी डॉक्टरांनी गाडगी उघडली. बावीस माणसं लिंबाखाली बसली होती. मोरवाल्यांचं असं निघालं की काहींना बरं, काहींना तसंच, एकाला वाईट. हत्तीवाल्यांची 'तसंच' आणि 'वाईट' ही गाडगी रिकामी. चिंचोके सगळेच्या सगळे 'बरं' मध्ये.

डॉक्टरांनी ठरल्याप्रमाणं सगळ्यांना खरं सांगून टाकलं. "हत्तीवाल्यांनो, तुम्हाला नुसती साखर होती."

आमच्या गल्लीतले अकराजण खाली मान घालून बसले. मला वाटलं, बिचाऱ्यांना फसवल्यासारखं वाटत असणार.

डॉक्टरांचे डोळे मात्र चमकत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिद्राम, अकराच्या अकरा गुडघे! साखरेनं! असं कुठं ऐकलं नाही मी. उद्याच मोठ्या डॉक्टरांना सविस्तर कळवतो."

संध्याकाळी मी पेढे घेऊन ओट्यावर गेलो. ऊन उतरलं होतं, पण दगड अजून कढत होता. नरसय्यानं पेढा घेतला, तोंडात टाकला नाही. दोन्ही बाजूंना गल्लीत बघून घेतलं.

"कागुद पक्का हाय न्हवं? सही, शिक्का?"

"हाय की."

"आता कुणी माघारी घेत न्हाय?"

"न्हाय बाबा. कायम म्हंजे कायम."

त्यानं मोठा श्वास सोडला, भिंतीला धरून हळूहळू खाली बसला, पाय लांब केला आणि दोन्ही हातांनी गुडघा दाबत म्हणाला,

"मग सिद्रामण्णा, गल्लीतली सगळी इचारायलीत, उद्यापास्नं आमचे गुडघे दुखले तर चालंल की?"